गाडी घेऊनच येतो

यीचुन, ८ जून

पेईलिन,

अभिनंदन. सहा वर्षं अर्ज करून अखेर तुमच्या घराला विजेच्या गाडीचा परवाना मिळाला, हे मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, कुठली गाडी मिळाली. मी म्हटलं, गाडी नाही मिळाली, गाडी विकत घ्यायची परवानगी मिळाली, आणि तीही वर्षभरात वापरली नाही तर जाणार. ते म्हणाले, "राजधानीत राहायचं म्हणजे सोपं नाही." टोमणा होता की कौतुक, मला कळलं नाही.

तुझ्या सासूबाई तुमच्याकडे राहतात म्हणून घर तीन पिढ्यांचं धरलं गेलं, गुण वाढले आणि नंबर लागला, असं तू लिहिलंस. त्यांना माझा नमस्कार सांग. आमच्याकडेही एक म्हातारा आहे, पण त्याचं नाव यीचुनच्या दप्तरात आहे, त्यामुळे तुझ्या अर्जात त्याचे गुण शून्य.

आता त्याच म्हाताऱ्याबद्दल लिहिते. डॉक्टर म्हणाले, यांनी पुढचा हिवाळा इथे काढू नये. इथली उणे तीसची हवा आणि कोळशाचा धूर या फुप्फुसांना झेपणार नाही. बीजिंगला न्या, तिथे थंडी कमी आणि छातीचं मोठं इस्पितळही आहे. सांगायला सोपं. स्टेशनवर प्राणवायूची टाकी आत घेऊ देत नाहीत. प्राणवायूचं विजेवर चालणारं यंत्र नेता येतं, पण इथून हार्बिनला जाणाऱ्या जुन्या गाडीत डब्यामागे प्लग एक, तोही हात धुण्याच्या जागेशी, आणि तिथे अख्खा डबा फोन चार्ज करायला उभा. रुग्णवाहिकेचं नाव काढलं तर बाबा म्हणाले, त्या गाडीतून माणसं एकाच दिशेने जातात.

शेजारच्या छूकाकांचा मुलगा थ्येनचिनला असतो, त्याच्याकडे विजेची गाडी आहे. तो सांगत होता, तिच्या आतच घरासारखा प्लग असतो. यंत्र लावायचं, बाबांना मागे टेकवायचं, सावकाश दोन दिवसांत बीजिंग. तू विकतची आण नाहीतर भाड्याची आण, मला फरक पडत नाही. फक्त ऑक्टोबरात बर्फ पडायच्या आत ये.

फोन करू नकोस. बाबांना ऐकू येत नाही, आणि व्हिडिओवर ते तुझ्या नाकपुड्यांशी बोलत बसतात. पत्र लिही. पत्र त्यांना मी वाचून दाखवते, मग ते घडी घालून उशीखाली ठेवतात.

सुकी मशरूम पाठवली आहेत. भिजवल्यावरच धू.

शूछिन


बीजिंग, २५ जून

ताई,

मशरूम पोचली. यानलीने त्यातली अर्धी लगेच तिच्या आईच्या खोलीत नेऊन ठेवली. परवाना सासूबाईंनी आणला, त्यामुळे गाडीचा रंग, आसनं आणि कोण कुठे बसणार हे त्या ठरवणार, असं आमच्या घरात कोणी न बोलताच ठरलेलं आहे. त्यांना सहा आसनांची हवी आहे. आम्ही चारच आहोत. त्या म्हणतात, पिशव्याही असतात.

बाबांना सांग, काळजी नको. मी येणार. पण भाड्याची गाडी आणणार नाही. एवढी वर्षं बीजिंगात काढलेला लुआनांचा मुलगा बापाला न्यायला भाड्याची गाडी घेऊन आला, ही बातमी वनखात्याच्या वसाहतीत माझ्या आधी पोचेल. या वयात त्यांना शेजाऱ्यांपुढे मान खाली घालायला लावणं मला जमणार नाही. मी स्वतःची गाडी घेऊनच येतो.

शोध सुरू झाला आहे. इथे गाड्यांची दुकानं आता मॉलमध्ये असतात, बाळांच्या कपड्यांच्या दुकानाला लागून. आत गेलो की एक मुलगी पाणी आणून देते आणि सांगते, लुआनसाहेब, ही गाडी नाही, ही तुमची राहण्याची तिसरी जागा आहे. आत फ्रीज आहे, टीव्ही आहे, पाय पसरायला सोफा आहे. मी विचारलं, चालते का? ती म्हणाली, स्वतःची स्वतः चालते. म्हणजे माझी गरज फक्त हप्त्यापुरती.

त्याच वेळी दुकानाबाहेर वीसेक माणसं बॅनर धरून उभी होती. त्यांनी मार्चमध्ये हीच गाडी घेतली, मेमध्ये किंमत धाडकन उतरली, आता ती फरक परत मागत होती. मुलीने त्यांच्याकडे न बघता मला आइस्क्रीम दिलं. मी ते खात खात काचेतून त्यांच्याकडे पाहिलं आणि ठरवलं, त्या बॅनरमागे आपण उभं राहायचं नाही. या शहरात ग्राहकाला कांद्याची पात म्हणतात. कापली की परत उगवते, परत कापायची. ऑफिसात आमचा एक थांबा-पक्षच आहे. पाठ्यपुस्तकं छापणारी माणसं आम्ही, घाई आमच्या धंद्यातच नाही. पक्षाचं म्हणणं एकच: जो थांबला तो कधी ठकला नाही.

सप्टेंबरात नवीन मॉडेलं येतात आणि जुनी स्वस्त होतात. ऑक्टोबर तर दूर आहे.

बाबांना सांग, मागच्या आसनाला पाठ रगडणारं यंत्रही आहे.

पेईलिन


यीचुन, १६ जुलै

पेईलिन,

तुझं पत्र बाबांना तीनदा वाचून दाखवलं. पाठ रगडणाऱ्या आसनाची बातमी मी न सांगताच वसाहतीभर झाली. आता संध्याकाळी चार-पाच म्हातारे आमच्याकडे जमतात. सगळे एकेकाळी लाकडांचे ट्रक हाकणारे, सगळ्यांची कंबर गेलेली, आणि सगळ्यांना तुझ्या गाडीबद्दल मत आहे. मी सूर्यफुलाच्या बिया ठेवते आणि सालं झाडते.

बाबा आता तज्ज्ञ झाले आहेत. टीव्हीवर गाडीची जाहिरात लागली की आवाज वाढवतात. ऐकू तरीही येत नाही. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते: "पोराला लिही, नव्या मॉडेलची पहिली खेप घ्यायची नाही. आमच्याकडे नवा ट्रक आला की आम्ही पहिलं वर्ष दुसऱ्याला चालवू द्यायचो. काय मोडतंय ते त्याचं मोडू दे." आणि विचारतात, थंडीत बॅटरी गारठली तर काय करतात. त्यांच्या काळी पहाटे ट्रकखाली लाकडं पेटवून इंजिन शेकावं लागे. हिच्याखालीही शेकोटी करायची का, असं छूकाकांनी विचारलं, तेव्हा बाबा इतके हसले की मला यंत्राचा वेग वाढवावा लागला.

भाड्याच्या गाडीचं मी परत काढलं. ते म्हणाले, "जन्मभर सरकारचा ट्रक हाकला. आता भाड्याच्या गाडीत बसून गाव सोडू? माझा मुलगा त्याची गाडी घेऊन येतोय." तुम्ही दोघं बापलेक एकाच मातीचे.

मागच्या आठवड्यात आम्ही जिल्ह्याच्या इस्पितळात जाऊन आलो. नेहमीची तपासणी. काही विशेष नाही. तीन रात्री ठेवून घेतलं, कारण त्यांच्याकडे खाटा रिकाम्या होत्या.

ते आता बसून झोपतात. म्हणतात, ड्रायव्हरला सवय असते.

शूछिन


बीजिंग, २३ ऑगस्ट

ताई,

तपासणी नीट झाली, वाचून बरं वाटलं. रिकाम्या खाटा ठेवणारं इस्पितळ देशात अजून शिल्लक आहे, हे बीजिंगात कोणाला सांगू नये. उद्या रांग लागेल.

बाबांचा सल्ला सोन्यासारखा आहे. पहिली खेप नाही घ्यायची. मी जवळजवळ एक नक्की केली होती, तेवढ्यात ती पहिलीच खेप निघाली. तिच्या उद्घाटनाला कंपनीचा मालक काळा टी-शर्ट घालून मंचावर आला, आईच्या आठवणीने रडला आणि मग किंमत सांगितली. टाळ्या किमतीला होत्या. आमच्या ऑफिसातल्या दोघांनी तिथल्या तिथे पैसे भरले. थांबा-पक्षातून त्यांना काढून टाकलं आहे.

शिवाय आमचे गोंगसाहेब. त्यांनी दोन वर्षांपूर्वी एका होतकरू कंपनीची गाडी घेतली. यंदा वसंतात कंपनीच बंद पडली. गाडी आहे, कंपनी नाही. फोनवरून दार उघडत नाही, काच फुटली तर बदलून मिळत नाही, आतला नकाशा त्यांना अजून जुन्या ऑफिसलाच नेतो. गोंगसाहेब म्हणतात, पूर्वी बायको शोधताना घराणं बघायचे, आता गाडी घेताना बघा. दहा वर्षं टिकेल अशी कंपनी निवडा. पण कुठली टिकेल हे कोणी सांगत नाही. मी रात्री यादी करतो, सकाळी त्यातली एखादी कंपनी आजारी पडलेली असते.

तरी शब्द देतो. ऑक्टोबरच्या सुट्ट्यांत रस्त्यावर चार्जिंगला चार-चार तास रांगा असतात, त्यात बाबांना अडकवायचं नाही. सुट्ट्या संपल्या की रस्ते रिकामे आणि किमतीही खाली. पंधरा ऑक्टोबर. बाबांना सांग, पिशवी भरून ठेवा.

पेईलिन


यीचुन, १४ सप्टेंबर

पेईलिन,

पिशवी भरली. त्यांनीच भरली, मला हात लावू दिला नाही. दोन लोकरीचे पायजमे, दात, प्राणवायूच्या नळ्या, जुने ड्रायव्हरचे हातमोजे आणि सासूबाईंसाठी चिलगोज्यांची पुडी. हातमोजे कशाला म्हटलं तर म्हणाले, "पोराने लांबच्या रस्त्यावर कधी गाडी चालवलेली नाही. झोप आली तर मी घेईन." सहा पावलं चालले की भिंतीला धरून उभे राहतात, आणि हे गाडी घेणार आहेत.

दुपारी खुर्चीवर बसून सराव करतात. यंत्र मांडीशी, नळी नाकात, पाय लांब. असं किती तास बसता येतं ते बघतात. काल अडीच तास झाले. आज कमी.

मला तुला एकच विचारायचं आहे. बाबा तुमच्याकडे झोपणार कुठे? दोन खोल्या. एकीत तू, यानली आणि कपाटं, दुसरीत सासूबाई आणि तुझी लेक. बाहेरच्या खोलीत सोफा आहे तो मी पाहिला आहे, त्यावर पाठ टेकून बसता येत नाही. सासूबाईंशी बोलला आहेस ना? हे पान मी बाबांना वाचून दाखवणार नाही. तू सरळ लिही. सोय नसेल तर इस्पितळाजवळ एखादी खोली बघ, मी येऊन राहीन. मला जमिनीवरही चालतं.

इथे पहाटे गवतावर दहिवर गोठायला लागलं आहे.

शूछिन


यीचुन, २१ ऑक्टोबर

पेईलिन,

बर्फ पडलं. घरात रेडिएटर सुरू झाले. पिशवी दाराशी आहे, आम्ही तिला वळसा घालून जातो.

पंधरा तारखेला बाबा सकाळी दाढी करून बसले होते. सोळालाही बसले. छूकाका आत येऊन पिशवीकडे बघून गेले. सतराला बाबांनी दाढी केली नाही.

तुझं पत्र नाही.

शूछिन


बीजिंग, ३ नोव्हेंबर

ताई,

मला माहीत आहे तू काय म्हणत असशील. आधी ऐकून घे.

बारा तारखेला मी पैसे भरायला गेलो होतो. खरंच. सही करायला पेन हातात घेतलं, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, नव्या वर्षापासून करसवलत निम्मी होणार, म्हणून डिसेंबरात कंपन्या पाय धरून गाड्या विकतील. मी पेन खाली ठेवलं. तिथल्या मुलीनेही अडवलं नाही. तिलाही ते माहीत असावं.

त्यातच यानलीचा एक मामेभाऊ त्याच आठवड्यात शनयांगला जाऊन आला. कागदावर सहाशे किलोमीटर जाणारी गाडी थंडीत तीनशेलाच धापा टाकायला लागली. हीटर लावला तर गाडी जात नाही, गाडी चालवली तर हीटर लावता येत नाही. बायको रजई पांघरून बसली होती. हे शनयांगचं, आणि यीचुन त्याच्याही पुष्कळ उत्तरेला. बाबांना अशा गाडीत घालून मी कुठल्या तोंडाने निघू? बॅटऱ्या दोन जातींच्या असतात. एक जात स्वस्त, आग न लागणारी, पण थंडीत लवकर बसते. दुसरी थंडीत बरी, पण महाग, आणि तिला आगीची भीती. आमच्या सोसायटीत दुसरीला तळघरात उभी करू देत नाहीत. आता तिसरी येते आहे, मिठापासून बनवलेली. उणे चाळीसलाही चालते म्हणतात. मार्चमध्ये बाजारात येईल. म्हणजे बाबांसाठीच बनवली आहे असं समज.

तेव्हा डोकं शांत ठेवून विचार केला तर एवढा हिवाळा निघायला हवा. घरात रेडिएटर आहे, यंत्र आहे, तू आहेस. खिडक्यांच्या फटींना कागद चिकटव. वसंतात हवा उबदार, रस्ते कोरडे, गाडीही नवी आणि पक्की.

फेब्रुवारीत आपल्या नववर्षाला येणार होतो, पण मार्चमध्ये गाडी घेऊन यायचंच आहे. दोनदा रजा मागितली तर वरिष्ठ तोंड वाकडं करतात. एकदाच येतो, नीट येतो.

पेईलिन


यीचुन, २० डिसेंबर

पेईलिन,

फटींना कागद चिकटवले. दरवर्षी चिकटवते. तू इथे लहानाचा मोठा झालास, तुला आठवत असेल असं वाटलं होतं.

बॅटऱ्यांच्या जाती बाबांना वाचून दाखवल्या. मिठाच्या बॅटरीवर ते खूश आहेत. म्हणाले, "मीठ असेल तर टिकेल." तुझी बाजू घेऊन छूकाकांशी भांडले. छूकाका एवढंच म्हणाले होते की गाडी येते तेव्हा खरी. बाबा म्हणाले, "घाई करून कोणाचं भलं झालंय? माझा मुलगा विचार करणारा आहे." मग पुष्कळ वेळ खोकले.

तब्येत ठीक आहे. जेवण थोडं कमी केलं आहे. कोबीचं लोणचं आणि डुकराचं मांस मागतात आणि दोन घास खाऊन कौतुक करतात. डॉक्टर घरी येऊन गेले, चहा प्यायले. काळजीचं कारण नाही, असं तुला लिहायला बाबांनी सांगितलं आहे.

शूछिन


बीजिंग, ११ जानेवारी

ताई,

काळजीचं कारण नाही हे वाचून मी किती सुटलो ते तुला कळणार नाही. मला वाटतं, उशीर झाला ते एका परीने बरंच झालं.

डिसेंबरात गर्दी बघायला हवी होतीस. लोक लग्नाच्या घाईने गाड्या घेत होते. मी दोन दुकानांत जाऊन आलो आणि हात मागे बांधून परत फिरलो. आता जानेवारीत काय झालं बघ: कर वाढला म्हणून विक्री बसली, विक्री बसली म्हणून कंपन्यांनी किंमत त्याहून जास्त उतरवली. डिसेंबरात घाई करणारे आज बॅनर रंगवत आहेत. थांबा-पक्षाची मेजवानी झाली. मला अध्यक्ष करण्याचं चाललं आहे.

सासूबाईंनी आता सहा आसनांचा हट्ट सोडला आहे. पाच चालतील म्हणतात. त्यामुळे निवड परत पहिल्यापासून करावी लागेल, पण आता मला बाजार पाठ आहे.

बाबांना विचार, रंग कुठला हवा. सासूबाईंना पांढरा हवा आहे, पण हे मी बाबांवर सोडतो.

पेईलिन


यीचुन, २३ फेब्रुवारी

पेईलिन,

जुन्या पंचांगाचं नववर्ष झालं. मोमो केले, बाबांनी एक खाल्ला. त्यात नाणं निघेल असा मी बंदोबस्त केला होता, ते निघालं, आणि ते म्हणाले, यंदा प्रवासाचा योग आहे.

छूकाकांचा मुलगा थ्येनचिनहून आला. विजेच्या गाडीने. त्या दिवशी उणे अठ्ठावीस होतं. वाटेत सात वेळा थांबला, दोन दिवस लागले, बायकोने पायाला गरम पाण्याच्या पिशव्या बांधल्या होत्या. पण आला. गाडी आमच्या खिडकीखालीच उभी केली. बाबांना बघायची होती, म्हणून छूकाका आणि त्यांचा मुलगा दोघांनी त्यांना खुर्चीसकट खाली नेलं. मागच्या आसनावर बसवलं, यंत्र गाडीच्या प्लगला लावलं. चाललं. हीटर चालू होता. बाबा तिथे अर्धा तास बसले होते, हातमोजे घालून. मी विचारलं, कसं वाटतंय. म्हणाले, "आवाजच नाही. आपण निघालो तरी कळायचं नाही." मग म्हणाले, आपली याहून चांगली असेल.

तिथे आणखी एक गोष्ट झाली. बाबा म्हणाले, हे पेईलिनला लिहू नकोस. म्हणून लिहीत नाही.

रंग त्यांना गडद हिरवा हवा आहे. वनखात्याच्या ट्रकचा होता तसा.

शूछिन


बीजिंग, ५ मार्च

ताई,

बाबा खाली उतरून गाडीत बसले, हे वाचून ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. याचा अर्थ प्रवास झेपेल. गोंगसाहेब म्हणाले, तुमच्या वडिलांची हाडं जंगलातली आहेत.

न लिहिलेली गोष्ट मला कळली बरं का. बाबांना छूच्या मुलाची गाडी जास्त आवडली असणार आणि मला वाईट वाटू नये म्हणून लपवतात. सांग त्यांना, त्या गाडीचं मॉडेल चार वर्षं जुनं आहे.

गडद हिरवा रंग दोनच कंपन्या देतात. त्यातल्या एकीची मिठाची बॅटरी पुढच्या महिन्यावर गेली आहे. एप्रिलअखेर नक्की म्हणतात. परवाना पंचवीस मेपर्यंत आहे, म्हणजे हातात वेळ आहे. सासूबाईंनाही हिरव्यावर राजी केलं. त्या म्हणाल्या, म्हातारा माणूस, होऊ दे त्याच्या मनासारखं. मी तर थक्कच झालो.

आता खरंच फार थोडे दिवस राहिले.

पेईलिन


बीजिंग, १० मे

ताई,

तिथून परत आल्यावर तीनदा पत्र लिहायला बसलो.

तुझा फोन आला तेव्हा मी मॉलमध्येच होतो. तू कधी फोन करत नाहीस, म्हणून नाव दिसल्याबरोबर कळलं. तरी मी त्या मुलीला सांगितलं की मी पुन्हा येतो.

अंत्ययात्रेत मातीचं भांडं माझ्या हातून एका घावात फुटलं नाही, ते सगळ्यांनी पाहिलं. मोठ्या मुलाने एका घावात फोडायचं असतं, नाहीतर जाणाऱ्याचा पाय अडकतो म्हणतात. दुसऱ्यांदा आपटताना मी छूकाकांकडे बघितलं, ते जमिनीकडे बघत होते. वसाहतीतले म्हातारे एकेक करून माझ्याशी बोलले. कोणी गाडीचं नाव काढलं नाही. त्यांनी काढलं असतं तर बरं झालं असतं.

तू मला काहीच बोलली नाहीस. स्वयंपाक करत राहिलीस, पाहुण्यांना वाढत राहिलीस. निघताना पिशवी तशीच दाराशी होती. मी उचलायला वाकलो तेव्हा तू म्हणालीस, राहू दे, गाडी चुकेल.

इथे सगळं पूर्वीसारखं आहे. परवाना पंचवीसला संपतो. वापरला नाही तर तीन वर्षं अर्ज करता येत नाही, आणि पुढे परत पहिल्यापासून रांग. सासूबाई रोज आठवण करून देतात. त्यांचं वय बघता पुढच्या वेळी घराच्या तीन पिढ्या राहतील की नाही, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. यानली म्हणते, घेऊन टाक. लेकीला शिकवणीला सोडता येईल. मिठाच्या बॅटरीची आली आहे, गडद हिरव्यात आहे. पण सगळे म्हणतात, जूनमध्ये मोठा उतार आहे. आणि मला आता ती नेमकी कशासाठी घ्यायची तेच आठवत नाही. दुकानात जातो, आत बसतो. मागच्या आसनाकडे वळून बघवत नाही.

ताई, तू सांग. आजवर मी सगळ्यांना विचारलं, तुलाच कधी विचारलं नाही. घेऊ की थांबू?

आणि बाबा लिहू नकोस म्हणाले ती गोष्ट काय होती?

पेईलिन


यीचुन, १८ मे

पेईलिन,

मी बोलले नाही, कारण घरात माणसं होती. तुझी लाज माझी लाज आहे, असं आईने शिकवलं.

तू विचारलंस म्हणून सांगते. त्या दिवशी बाबा गाडीत बसले असताना छूकाकांचा मुलगा म्हणाला, "काका, मी परवा परत निघतोय. थ्येनचिनहून बीजिंग म्हणजे पुढचं गाव. मागची सीट रिकामी आहे, बायको पुढे बसेल. उतराच नका आता, पिशवी तेवढी खाली आणतो." तो खरंच जिना चढून आला आणि पिशवीला हात घातला. बाबांनी खालून ओरडून सांगितलं ठेव म्हणून. एवढा आवाज त्यांच्यात शिल्लक आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणाले, "मी तुझ्याबरोबर गेलो आणि इकडे माझा मुलगा गाडी घेऊन आला तर? एवढ्या लांबून येईल आणि मी घरात नाही?" मुलाने परत विनवलं. मीही विनवलं. छूकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी हातमोजे काढले, खिशात ठेवले आणि म्हणाले, मला वर न्या. दोन दिवसांनी तो निघाला तेव्हा बाबांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. तुला लिहू नकोस म्हणाले, कारण तुला वाटेल की आपल्यावर विश्वास नव्हता म्हणून बाबांनी दुसऱ्याकडे बसायचा विचार केला. त्यानंतर ते तीन आठवडेच होते.

सप्टेंबरात मी विचारलं होतं, बाबा झोपणार कुठे. उत्तरात तू बॅटरीच्या जाती लिहिल्यास. पुढे सहा महिन्यांत त्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, आणि मीही परत विचारलं नाही, कारण मला उत्तर कळलं होतं. ते बाबांना कळू नये म्हणून मी तुझी पत्रं थोडी बदलून वाचायचे. तुझ्या पत्रात नसलेली एक खोली मी त्यांना वाचून दाखवली, दक्षिणेला खिडकी असलेली. इस्पितळातून कोण आलं, कोण काय म्हणालं, तेही तुला लिहिताना असंच बदलून लिहिलं. आपल्या घरात वाईट बातमी लिहायची पद्धत नाही. तू चांगलं लिहीत गेलास, मी चांगलं लिहीत गेले, आणि त्या दोन चांगल्यांच्या मध्ये म्हातारा दाढी करून बसला.

तू अंत्ययात्रेला रेल्वेने आलास. सकाळी बसलास, रात्री दारात होतास. म्हणजे अख्खं वर्षभर आपण एका दिवसाच्या अंतरावर होतो. बाबांना रेल्वेत बसता येत नव्हतं. तुला येत होतं.

तू विचारतोस, घेऊ की थांबू. मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण एक सांगते, तू आता घाई करू नकोस. जूनचा उतार बघ, मग सप्टेंबरातली नवीन बघ, परवाना गेला तर परत रांगेत लाग. सावकाश ठरव.

इथे आता कोणी वाट बघत नाही.

शूछिन